पाटीमागची चौकट

मोटारगाडी घेणारा माणूस तिचा रंग निवडतो, आसनांवरचे कापड निवडतो, ऐपत असल्यास चाकांची घडणही पसंत करतो. क्रमांक मात्र त्याला दिला जातो. जादा पैसे भरून मनाजोगते आकडे मिळवता येतात, हे खरे; पण तेही सरकारने मांडून ठेवलेल्या आकड्यांतूनच उचलावे लागतात, आणि त्यांच्या आधीची राज्याची अक्षरे कितीही पैसे मोजले तरी बदलत नाहीत. गाडीच्या सगळ्या देहावर मालकाच्या इच्छेपलीकडचा असा हा आयत असतो : ५०० मिलिमीटर लांब आणि १२० मिलिमीटर उंच. नवल असे, की ज्या आयतावर मालकाचा हक्क सर्वांत कमी, त्याच्यावरच त्याची माया सर्वांत जास्त जडते. दसऱ्याला झेंडूची माळ बांधली जाते ती बहुधा याच पाटीच्या अंगाने. वर्षानुवर्षे घरात राहिलेली गाडी विकली गेल्यावर तिचे यंत्र किती अश्वशक्तीचे होते हे घरातल्या कुणाला आठवत नाही, क्रमांक आठवतो. मुले मोठी होतात, परगावी जातात, आणि कधीतरी बँकेच्या कार्डाचा गुप्त आकडा ठरवताना वडिलांच्या पहिल्या स्कूटरचे चार आकडे त्यांच्या बोटांतून आपोआप उमटतात.

मराठीने या वस्तूला पाटी म्हणावे, यात भाषेने नकळत एक विरोध साधला आहे. पाटी म्हणजे मूलतः लेकरांनी अक्षर गिरवावे आणि ओल्या बोळ्याने पुसून टाकावे, अशी दगडी पाटी. ‘पाटी कोरी असणे’ हा वाक्प्रचार तिच्यावरूनच आला. दारावरची पाटी घरमालकाच्या मर्जीची. पुण्यात तर ती एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार असल्यासारखीच वाचली जाते. गाडीची पाटी मात्र पुसण्यासाठी नाही आणि मर्जीने लिहिण्यासाठीही नाही. तरी लोकांनी तिला बराच काळ शाळेतल्या पाटीसारखेच वागवले. इंग्रजी आकड्यांतले चार-एक-चार-एक असे वळवावे की त्यांतून ‘दादा’ वाचता यावे, ही कला महाराष्ट्रातल्या रंगाऱ्यांनी हस्तगत केली. कुणी आकडे देवनागरीत घातले, कुणी कोपऱ्यात कुलदैवताचे नाव. केंद्रीय मोटार वाहन नियमांना यांतले काहीच मान्य नाही : अक्षरे इंग्रजी, आकडे आंतरराष्ट्रीय, खाजगी गाडीसाठी पांढऱ्यावर काळे, भाड्याच्या गाडीसाठी पिवळ्यावर काळे, विजेच्या गाडीसाठी हिरवी भूमी. दंड होत राहिले आणि रंगारीही आपले काम करीत राहिले.

या पाटीचा इतिहास फार लांबचा नाही. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली मोटारींवर ओळखपट्टी लावण्याचा हुकूम काढला. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने ती १ जानेवारी १९०४ पासून सक्तीची झाली. हिंदुस्थानात पहिला मोटार वाहन कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा आणि आज लागू असलेला १९८८ चा. हा शेवटचा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि देशभर एकच पद्धत रूढ झाली : दोन अक्षरे राज्याची, दोन आकडे नोंदणी कार्यालयाचे, मग मालिका आणि अखेरीस चार आकड्यांपर्यंतचा क्रमांक. तेव्हापासून भारताच्या राजकीय नकाशातले फेरबदल रस्त्यावरही वाचता येऊ लागले. उत्तरांचलचे उत्तराखंड झाले आणि ‘यूए’चे ‘यूके’ झाले. ओरिसाचे ओडिशा झाले आणि ‘ओआर’ जाऊन ‘ओडी’ आले. २०१४ साली जन्मलेल्या तेलंगणाने आधी ‘टीएस’ लावले आणि मार्च २०२४ मध्ये ‘टीजी’ स्वीकारले. जुन्या गाड्या जुनीच अक्षरे वागवीत हिंडत राहिल्या. सिग्नलपाशी शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्या एकाच राज्याच्या दोन नावांनी ओळखल्या जाव्यात, असे दृश्य या देशात दुर्मीळ नाही.

इथवर अक्षरांची हकीकत झाली. पण अक्षरे अधांतरी टांगता येत नाहीत. पाटीला मागे काहीतरी धरून ठेवणारे लागते, आणि ते म्हणजे तिची चौकट. गॅरेजमध्ये तिला ‘नंबरप्लेटची फ्रेम’ म्हणतात. मागच्या पाटीला बहुधा गाडीच्या पत्र्याचा आधार असतो. पुढच्या बाजूला बंपर. तोही हल्ली प्लॅस्टिकचा, गोलसर, वाऱ्याला वाट देण्यासाठी वळवलेला. सपाट पाटी त्या वळणावर नीट टेकत नाही, म्हणून मध्ये ही चौकट येते. बंपरला दोन-चार स्क्रूंनी ती बसते आणि तिच्यावर पाटी. समोरून पाहणाऱ्याला चौकट दिसत नाही, दिसू नये हीच तिची कामगिरी. गाडी पुढे कुठे टेकली, तर पहिला मार तीच खाते. पाऊस, चिखल, हमरस्त्यावरचे खडे आणि चिरडलेले किडे यांचा थर तिच्याच आडोशाला साठतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया किंवा फ्लोरिडासारख्या काही राज्यांत पुढची पाटी कायद्याने लागतच नाही; तिथे चौकट काढून टाकली, तरी बंपरवर राहिलेली छिद्रे कशी बुजवावीत, हा मालकापुढचा प्रश्न उरतो. आपल्याकडे पुढे आणि मागे दोन्हीकडे पाटी हवीच, त्यामुळे चौकटीला निवृत्ती नाही.

अशी एक चौकट पुण्याच्या एका निवृत्त ग्रंथपालांच्या गाडीला होती. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांची पस्तीस वर्षे गेली. गाडी २०१३ च्या दसऱ्याला आली, ती त्यांच्यासाठी नव्हे, तर पत्नीसाठी. पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. शाळेत आणि पुढे वाड्यातही सगळे त्यांना ‘बाई’च म्हणत. बाईंनी पन्नाशी ओलांडल्यावर गाडी चालवणे शिकून घेतले. ग्रंथपाल स्वतः चालवीत, पण आवडीने नाही. शेजारच्या आसनावर बसून रस्त्यावरच्या पाट्या वाचणे त्यांना अधिक रुचे. गाडी घेऊन महिना झाला नसेल, तेव्हा सोसायटीच्या आवारात वळवताना बाईंनी ती भिंतीला टेकवली. बंपरला ओरखडा उठला आणि चौकटीचा उजवा कान आत वळला. बाई खाली उतरल्या, वाकून पाहिले आणि म्हणाल्या, “भिंतीला काही झालेलं नाही.”

त्या रविवारी ग्रंथपालांनी चौकट प्रथम उतरवली. स्क्रू नवेच होते, विनातक्रार सुटले. चौकट पाटावर ठेवून, वर जुन्या धोतराची घडी घालून त्यांनी लाकडी मुसळाने कान ठोकून सरळ केला. पुरता सरळ तो झाला नाही. नखभर बाक राहिला. पाटी परत चढवल्यावर तो दिसेना. मात्र पाटीला उजवीकडे किंचित कल आला, आणि तो कल पुढची बारा वर्षे त्या गाडीची खूण होऊन राहिला. गर्दीच्या वाहनतळावर रांगेत उभ्या असलेल्या पांढऱ्या गाड्यांतून आपली गाडी बाईंना दुरून ओळखू येई ती क्रमांकावरून नव्हे, या कलावरून.

बाई २०२३ च्या पावसाळ्यात गेल्या. दुसऱ्या वर्षी ज्येष्ठात ग्रंथपाल मुलीकडे बंगळूरला आले. ‘राहायला आले’ असे कुणी म्हणत नसे. ‘चार दिवस आलेत’ असेच सगळे म्हणत, आणि तेही तसेच सांगत. पुण्याच्या घराला कुलूप होते, विजेचे बिल भरले जात होते, दूध तेवढे बंद केले होते. गाडी मात्र ते सोबत घेऊन आले. जावई पुण्यात येऊन ती चालवीत घेऊन गेले आणि ग्रंथपाल शेजारी बसून पाट्या वाचीत गेले. पुण्याहून बंगळूरला जाणारा हा महामार्ग म्हणजे क्रमांकांची एक चालती अनुक्रमणिका आहे. साताऱ्याचे अकरा, कऱ्हाडचे पन्नास, कोल्हापूरचे नऊ. मग निपाणीच्या अलीकडे राज्य बदलते आणि ‘केए’ सुरू होते : चिकोडीचे तेवीस, बेळगावचे बावीस, धारवाडचे पंचवीस, दावणगेरेचे सतरा, चित्रदुर्गाचे सोळा, तुमकूरचे सहा. कानांवर येणारी भाषा मात्र पाट्यांइतकी शिस्त पाळीत नाही. निपाणीत चहाच्या टपरीवर बोलली जाते ती मराठीच असते, आणि टपरीपुढच्या गाड्यांवर अक्षरे दुसरी असतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नेलेल्या या वादाचे कागद वाढत राहिले आणि टपरीवरचा माणूस एका भाषेत बोलत, दुसऱ्या राज्याचा क्रमांक लावून, रोजच्या कामाला जात राहिला. आपल्या पाटीने आपले काही हिरावले आहे, असे त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही. तिने आपले सगळे सांगितले आहे, असेही तो मानीत नसावा.

कायद्याला ‘चार दिवस’ ही भाषा कळत नाही. १९८८ च्या कायद्याचे ४७ वे कलम सांगते, की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तिला नव्या राज्याचा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी आधी जुन्या नोंदणी कार्यालयाचे ‘ना हरकत’ प्रमाणपत्र हवे, मग नव्या राज्याचा रस्ताकर भरायचा आणि जुन्या राज्याकडे उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज करायचा. नोकरीनिमित्त राज्याराज्यांतून फिरणाऱ्यांसाठी २०२१ च्या सप्टेंबरपासून ‘बीएच’ ही भारत मालिका निघाली. परंतु ती सैन्यदल, सरकारी सेवा, सार्वजनिक उपक्रम आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी आस्थापनांच्या नोकरांसाठी आहे. मुलीकडे राहायला आलेल्या बापासाठी मालिका नाही.

बारा महिने भरत आले, तशी मुलगी म्हणाली, “बाबा, गाडी विकून टाकू या का? कर भरून शेवटी हाती काय राहणार?” हिशेबाने तिचे खरे होते. पंधरा वर्षांची नोंदणी; त्यांतली बारा सरत आलेली. ग्रंथपालांनी विकायला नकार दिला, आणि क्रमांक बदलायलाही दोन महिने लावले. अडचण पैशांची नव्हती. ‘ना हरकती’च्या अर्जावर गाडी कोणत्या राज्यात, कोणत्या नोंदणी कार्यालयाच्या हद्दीत न्यायची, ते लिहावे लागते. तो रकाना भरणे म्हणजे पुण्याला परत जायचे नाही, हे स्वतःच्या अक्षरात लिहून देणे होते. विजेचे बिल भरणारा माणूस ते इतक्यात लिहून द्यायला तयार नव्हता.

त्यांना तो रकाना भरायला लावला एका वेगळ्याच कागदाने. ‘ना हरकती’च्या अर्जाला गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाचा पेन्सिलीने घेतलेला ठसा जोडायचा असतो. पोलादावर कोरलेले सतरा अक्षर-आकडे. त्यांवर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिलीचे टोक आडवे करून हलके फिरवायचे. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून राजाचा मुखवटा उमटवावा, तसे आकडे काळसर भूमीवर पांढरे उमटत येतात. या सतरांत इंग्रजी ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे कधी येत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी घोटाळा करतात. तो ठसा हातात धरून ग्रंथपाल बराच वेळ बसले. पस्तीस वर्षे त्यांनी प्रत्येक पुस्तकावर दोन आकडे घातले होते. एक दाखल क्रमांक : पुस्तक आले त्या दिवशी नोंदवहीत पडलेला, पुन्हा दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला न मिळणारा. दुसरा वर्गांक : ते पुस्तक कोणत्या कपाटात, कुणाच्या शेजारी उभे राहील, हे सांगणारा. मराठी साहित्याला ड्यूईच्या पद्धतीत ८९१.४६ हा अंक आहे. वर्गीकरणाची पद्धत बदलली, कपाटे हलली, पुस्तक एका दालनातून दुसऱ्यात गेले, तर वर्गांक बदलतो. पाठीवरची चिठ्ठी भिजवून काढतात आणि नवी डकवतात. दाखल क्रमांक जागचा हलत नाही. गाडीलाही तसेच दोन आकडे होते, आणि बदलायचा होता तो वर्गांकच होता.

ज्या शहरात ते बसले होते, त्या शहराचा या विचाराशी जुना संबंध आहे. १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण सिद्ध करणारे शियाळी रामामृत रंगनाथन यांनी उत्तरायुष्य बंगळूरलाच काढले. १९६२ साली प्रलेखनाच्या संशोधनाचे आणि शिक्षणाचे केंद्र त्यांनी इथेच उभे केले आणि १९७२ साली इथेच त्यांचे निधन झाले. कोणत्याही विषयाला पाच मूलभूत अंगे असतात, अशी त्यांची मांडणी होती : व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल. या कसोटीवर गाडीची पाटी पाहिली तर ती किती थोडे बोलते, ते ध्यानात येते. स्थल ती सांगते. मालिकेवरून जाणत्याला काळाचा अंदाज येतो. उरलेल्या तिन्ही अंगांविषयी ती मौन बाळगते. गाडी कुणाची, कुणासाठी घेतलेली, कोण ती चालवीत होते, भिंतीला ती कधी टेकली, हे तिच्यावर नसते. तरी तिच्यासमोर उभा राहणारा मालक ते सगळे तिच्यातच वाचतो. जे लिहिलेलेच नाही ते वाचण्याची ही सवय वाङ्मयाच्या अभ्यासकांना अपरिचित नसावी.

प्रमाणपत्र आले, कर भरला गेला, कर्नाटकाचा क्रमांक मिळाला. आता राहिली नवी पाटी. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी कारखानदारानेच पुरवायची असते. त्याआधीच्या गाड्यांनाही ती बसवणे महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने सक्तीचे केले. ॲल्युमिनियमचा पत्रा, डाव्या बाजूला निळ्या रंगात देशाची अक्षरे, अशोकचक्राची २० मिलिमीटर लांबी-रुंदीची चकाकती मुद्रा, लेसरने कोरलेला पाटीचा स्वतःचा अनुक्रमांक. तिला धरून ठेवणारा खिळाही वेगळा. त्याला स्नॅप लॉक म्हणतात : तो एकदा दाबून बसवला की उलटा फिरत नाही, काढायचा तर तोडावाच लागतो. चोराने एका गाडीची पाटी दुसरीवर चढवू नये, गुन्हा करून कुणी क्रमांक बदलून पळू नये, म्हणून ही योजना. तिच्यामागचे कारण खरे आहे. स्क्रूची पाटी पाच मिनिटांत बदलता येते, ही सोय प्रामाणिक माणसाला जेवढी होती तेवढीच इतरांनाही होती.

पाटी बसवणारा मुलगा सोमवारी घरी येणार होता. रविवारी सकाळी ग्रंथपाल तळघरातल्या वाहनतळावर पत्र्याचा डबा घेऊन उतरले. उद्या तो मुलगा घाईत असेल, गंजलेला स्क्रू फिरला नाही तर ड्रिल लावील आणि बंपर फाडील, असे कारण त्यांनी मुलीला सांगितले. “बाबा, ते त्याचं काम आहे, त्याला करू द्या ना,” असे ती म्हणाली. मग मात्र तिने जुने वर्तमानपत्र आणि बसायला चौरंग आणून दिला.

बारा वर्षांनी चौकट दुसऱ्यांदा उतरत होती, आणि या खेपेस ती सहज सुटणारी नव्हती. डावीकडचा वरचा स्क्रू तेवढा फिरला. बाकीच्या तिघांच्या खाचा मातीने भरलेल्या आणि कडा गंजाने खाल्लेल्या. अशा स्क्रूला जोर लावला की खाच गुळगुळीत होते आणि मग तो कुणाचाच राहत नाही. ग्रंथपालांनी सुईने माती कोरून काढली, प्रत्येकाच्या मुळाशी तेलाचे दोन थेंब सोडले आणि अर्धा तास वाट पाहिली. तेल आट्यांत उतरायला वेळ लागतो. जुन्या पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी भिजायला लागतो तेवढाच. मग खाचेत पुरती बसणारा रुंद स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, त्याच्या मुठीवर लहान हातोडीने दोन हलके ठोके देऊन, त्यांनी आधी स्क्रू आवळण्याच्या दिशेने केसभर फिरवला आणि मग उलटा. गंजाची पकड अशी आधी आवळूनच सुटते. पाव वेढा पुढे, पाव वेढा मागे, असे करीत दुसरा सुटला, मग तिसरा. चौथा, वळलेल्या कानाकडचा, सर्वांत हट्टी निघाला. त्याला आणखी अर्धा तास दिला.

चौकट हातात आली, तेव्हा तिच्यामागे बंपरचा जो भाग उघडा पडला तो कारखान्यातून आला तसा होता. सभोवतालचा पांढरा रंग उन्हाने पिवळट झालेला. हा आयत मात्र दुधासारखा. कपाटातून फार दिवसांनी पुस्तक काढावे आणि चिठ्ठीखालचे कापड मूळ रंगाचे दिसावे, तसा. खालच्या कडेला झेंडूच्या पाकळ्यांचा वाळून कोळ झालेला चिमूटभर चुरा होता, आणि चौकटीच्या आतल्या बाजूला हळदीचे एक बोट उमटलेले. दसऱ्याला पाटीवर कुंकू लावताना बाईंचा हात कडेवरून मागे गेला असेल. कोणत्या वर्षीचा तो दसरा, हे सांगणारी खूण त्यावर नव्हती.

ग्रंथपालांनी बंपर पुसला. चौकट पुसताना आतली बाजू सोडली. स्क्रू घासून स्वच्छ केले. आटे गेलेला एक बाजूला टाकून त्याजागी नवा घेतला. रबराचे वॉशर वाळून तडकले होते, तेही बदलले. ते नसले तर रस्त्याच्या हादऱ्याने पाटी वाजत राहते. मग त्यांनी चौकट परत बसवली आणि तिच्यावर तीच जुनी ‘एमएच बारा’ची पाटी चढवली. तिला आता जेमतेम एक दिवस उरला होता. तरी चारही स्क्रू त्यांनी आधी बोटांनी लावले, मग कोपऱ्याआड कोपरा असे क्रमाने आवळले, आणि प्लॅस्टिकला चीर जाऊ नये म्हणून अखेरचा पाव वेढा राखून ठेवला. एका दिवसासाठी लावलेली पाटी बारा वर्षांसाठी लावावी तशी लावली. उजवीकडचा कल होता तसाच आला.

सोमवारी मुलगा आला तो हसन की हुबळीकडचा, हे त्याच्या हिंदीवरून कळेना. स्क्रू भराभर सुटले, तेव्हा त्याला नवल वाटले. चौकट बदलायची का, असे त्याने विचारले. एका बाजूने वाकली आहे, असेही दाखवले. ग्रंथपाल ‘राहू द्या’ म्हणाले. मुलाने नवी पाटी चौकटीवर धरली, खिळे घातले आणि दाबले. दोन लहान टकटक आवाज झाले, तेवढेच. जुनी पाटी त्याने गुडघ्यावर दुमडली आणि पिशवीत टाकली. ती मागावी असे ग्रंथपालांच्या ओठांवर आले होते. पण रद्द झालेला क्रमांक कुणाच्याही घरात शाबूत पडून राहू नये, ही व्यवस्था त्यांना मान्य होती, आणि मान्य असलेल्या व्यवस्थेत स्वतःपुरती सवलत मागायची त्यांना सवय नव्हती. नवी अक्षरे समोर आली. पाटीला उजवीकडे किंचित कल होता.

कायद्याच्या दृष्टीने एवढ्यावर सगळे पुरे होते. जुन्या खिळ्यात एक सोय होती, ती आता राहिलेली नाही, हे खरेच : पाटी उतरवून तिच्यामागे काय साठले आहे ते पाहण्याची, पुसण्याची, आणि आपल्या हाताने ती पुन्हा जागेवर नेण्याची. नव्या खिळ्याला परत फिरणे माहीत नाही. नागरिकाचा हात या व्यवहारातून वजा झाला आहे. चोराचा हात वजा करायचा तर दुसरा मार्ग नव्हता, असे व्यवस्था म्हणते, आणि तिला खोटे पाडणे अवघड आहे. तरी स्थलांतराच्या कुठल्याही कागदावर ज्याची नोंद नसते, असे काहीतरी माणसे आपल्याबरोबर नेत असतात. ते नव्या अक्षरांच्या मागे राहते, आणि ते तिथे आहे हे समोरून पाहणाऱ्याला कळत नाही.

ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत एक नियम आहे. पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयाला गेले, तरी त्याचा आकडा खोडरबराने पुसायचा नाही, त्यावर कागद चिकटवायचा नाही. लाल शाईने एक सरळ आडवी रेघ ओढायची, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि अखेरच्या ‘शेरा’ या रकान्यात कारण आणि तारीख लिहायची. गाडीच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये पहिल्याच पानावर ग्रंथपालांनी २०१३ साली तिचा क्रमांक सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला होता. त्या सोमवारी संध्याकाळी त्यावर लाल रेघ आली. खाली नवा क्रमांक आला. शेऱ्याच्या जागी तारीख आली, आणि तिच्यापुढे एकच शब्द : स्थलांतरित. त्यानंतर त्यांनी पुण्याला फोन करून विजेचे मीटर बंद करण्यासाठी कोणता अर्ज लागतो, याची चौकशी केली.